खारकोटाचा अडसर

४ डिसेंबर १९५५, रविवार

आले एकदाची मुंबईत! आईने शिदोरीला इतक्या दशम्या बांधून दिल्या होत्या की दादरला उतरले तरी निम्म्या डब्यात तशाच होत्या. सांगलीच्या शाळेतल्या बायका म्हणत होत्या, तिकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाताहेत माणसं आणि ही निघाली मुंबईला. पण फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला आता पंधरवडा होत आला. दादरला फुलवाले, केळीवाले जिथल्या तिथे बसले होते.

स्टेशनवर नाना सरनोबत स्वतः मोटार घेऊन हजर. सत्तरीचे गृहस्थ, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. पांढरंशुभ्र धोतर, वर काळा कोट, हातात काठी. तरी माझी ट्रंक उचलायला हमालाच्या आधी पुढे झाले. म्हणाले, "कौसल्याबाई, तुमची फार दिवस वाट पाहतोय." इतिहास घेऊन एम. ए. झाल्यापासून हे वाक्य मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

जेवण शिवाजी पार्कला त्यांच्या घरी झालं. त्यांच्या पत्नी राधाबाई फारशा बोलल्या नाहीत, पण डाळिंब्यांची उसळ आणि साखरभात आग्रहाने वाढत राहिल्या. मला हसू आलं. पाहुणीला नव्हे, सासरी निघालेल्या मुलीला वाढतात तसं वाढत होत्या.

काम असं: परळच्या पूर्वेला, शिवडीच्या खाडीकडे उतरणारी एक गल्ली आहे, खारकोट गल्ली. तिथे पोर्तुगीजांच्याही आधीपासून एक छोटा कोट होता आणि सरनोबत त्याचे पिढीजात अधिकारी होते. कोट कधी पडला, कुणी पाडला, मुळात नेमका कुठे उभा होता, कुणालाच ठाऊक नाही. किल्ले ढासळतात, उजाड होतात; हा चक्क नाहीसा झाला. मागे राहिलं ते गल्लीचं नाव. तर मी त्याची जागा शोधायची, नकाशा काढायचा आणि इतिहास लिहायचा. नानांची अट एकच, राहायचं त्या गल्लीतच. लांब बसून लिहिलेला इतिहास कोरडा होतो म्हणे. मला पटलं.

गल्लीच्या अगदी शेवटी त्यांचं दुमजली कौलारू घर आहे. वरची अख्खी माडी माझी! चुन्याचा ताजा हात दिलेला आहे, आणि खिडकी तर इतकी मोठी की कठड्यावर कोपरं टेकली की खाजण, मिठागरं, होड्या सगळं समोर. खाली दोन बिऱ्हाडं. एकात जाईबाई, लालबागच्या बाजारात मासळी विकणारी विधवा कोळीण. दुसऱ्यात दौलत, गिरणीत साचे चालवतो, आणि त्याची बायको नलू. दोघं मालवणकडची. नलूने मला हंडाभर पाणी आणून दिलं. मी नाव सांगितलं तर नुसती हसली. मग मी कशासाठी आले ते सांगितलं, तेव्हा हसायची थांबली.

७ डिसेंबर, बुधवार

आजचा दिवस मोठा गमतीचा. गल्लीत दारोदार विचारत फिरले, कोट कुठे होता?

जाईबाई म्हणाली, पार खाली, होड्या ओढतात तिथे. गल्लीच्या तोंडाशी तुळसा म्हणून एक म्हातारी वाटाणे विकते, तिने छातीवर हात ठेवून सांगितलं की कोट गिरणीच्या धुराड्याखाली आहे. दत्ताराम नावाचे दाराशी बसून जाळं विणणारे आजोबा म्हणाले, कोटबिट काही नव्हता, खारकोट नावाचा एक सावकार होता. त्यांच्या सुनेने आतून ओरडून सांगितलं की कोट होता, पण माझगावला.

एवढी वेगवेगळी उत्तरं, आणि एकही अडखळत नाही! अडाणीपणात माणूस अडखळतो. ही मंडळी पाठ केल्यासारखी बोलत होती.

संध्याकाळी जिन्यात दौलत भेटला. तुम्ही हे लिहून कोणाला देता, मराठीत लिहिता का इंग्रजीत, असं त्याने विचारलं. मग माझ्या लक्षात आलं. गोळीबारानंतर साध्या कपड्यांतले पोलीस गिरणगावात फिरताहेत. मला सी.आय.डी.ची बाई समजताहेत ही माणसं! मी हसून नानांचं नाव सांगितलं. वाटलं होतं त्याचा चेहरा निवळेल, पण तो आणखीच आक्रसला.

१२ डिसेंबर, सोमवार

कोट सापडला!

माणसं सांगत नसतील तर दगड सांगतात. गल्ली आमच्या घराआधी एक वळण घेते. तिथल्या छोट्या देवळाची पायरी पाहिली. तिला मधोमध वाटोळा, गुळगुळीत खळगा. पावसाने असा पडत नाही. मोठ्या दाराचा खुंट वर्षानुवर्षं फिरला की पडतो. जाईबाईचा कपडे धुण्याचा दगड पाहिला, त्याच्या खालच्या बाजूला अर्धं कमळ. मग दोन दिवस टेप घेऊन हिंडले. महादरवाजा गल्लीच्या वळणावर होता, तोंड परळकडे. म्हणजे वळणापलीकडचं आमचं घर कोटाच्या पोटात येतं.

दुपारभर बसून दरवाजाचं प्रकरण लिहिलं आणि नकाशावर कमान काढली. नाना संध्याकाळी पेढे घेऊनच आले. कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. म्हणाले, जे सापडेल ते फक्त मला सांगा, या लोकांना नको.

१६ डिसेंबर, शुक्रवार

एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. सकाळी खिडकीत उभी होते. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका वर चालल्या होत्या. वळणावर आल्या की प्रत्येक बाई गुडघ्यात वाकायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ व्हायची. वर काही नाही. तार नाही, फांदी नाही. उघडं आकाश. सखल कमानीखालून डोक्यावरचं ओझं नेताना वाकावं तशा वाकत होत्या.

जाईबाई शेवटी आली. तीही वाकली. पलीकडे गेल्यावर तिला स्वतःचंच कळलं असावं. पाटी खाली ठेवली आणि मागे वळून माझ्या खिडकीकडे पाहत उभी राहिली.

मला घाबरवायला हे सगळं ठरवून चाललंय की काय?

मीही जाऊन आले. वळणावर गारवा आहे. आणि चपलांचा आवाज घुमतो, डोक्यावर छत असल्यासारखा.

२२ डिसेंबर, गुरुवार

चोरी झाली. आतल्या विहिरीबद्दल लिहिलेला कागद टेबलावरून गेला. कुलूप शाबूत, पण जाईबाईकडे माडीची दुसरी किल्ली असते. खाली जाऊन विचारलं तर तिने नाही म्हटलंच नाही. चुलीकडे बोट केलं.

"जाळला. परत लिवशील तर परत जालीन. बाय, तू चांगल्या घरची पोर हाय. तुला कोट पायजे ना? सांग त्या नानाला, माजगावला होता. आमी सगली साक्ष देऊ."

दौलत दारात उभा होता. तो म्हणाला, बाई, तुमचं तिकीट मी काढून देतो, आजच जा. नलूने तर माझे हात धरले.

मी तडक दादरला जाऊन नानांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांच्याच वाडवडिलांनी कोट फोडून दगड चोरले. आता पुरावा बाहेर येतोय, तर भीती वाटणारच." पटण्यासारखं आहे. तरी तिघांच्या चेहऱ्यावरची भीती चोरांच्या भीतीसारखी नव्हती. चोर आपल्यासाठी भितो. हे माझ्यासाठी भीत होते.

घरी येऊन प्रकरण पुन्हा लिहिलं. पहिल्यापेक्षा सरस उतरलं. विहिरीच्या पायऱ्या, पाण्याची खारट चव, दरवाजाचा अडसर सागाचा नसून खैराचा होता हेही. आता वाचताना प्रश्न पडला, अडसर खैराचा हे मला कुणी सांगितलं?

२७ डिसेंबर, मंगळवार

आज जिन्याखाली पाणी निघालं. फरशीच्या सांध्यांतून झिरपतंय, खारट. मी नकाशावर विहीर दाखवली आहे तिथेच.

नलू पाणी पुसत होती. माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही तिने.

३० डिसेंबर, शुक्रवार

नानांवर संशय येतोय. लिहूनच टाकते.

ओला रुमाल वाळत घालायला खिडकीशी गेले. पहिल्या दिवशी कठड्यावर कोपरं टेकली की बाहेर दिसायचं. आज गजापर्यंत हात पुरेना. कठडा खोल झालाय. भिंतच जाड झाली आहे. मी दिवसा ग्रंथालयात असते तेव्हा नानांनी गवंडी लावून आतून भिंत चढवली असेल? मग चुन्याचा वास कुठे आहे, रेती कुठे सांडली आहे? आणि भिंत आत आली तर खोली लहान व्हायला हवी. तशी झाली आहे का? खाट आणि टेबल यांच्यामधून मी आता अंग चोरून जाते. आधी कशी जात होते ते आठवत नाही.

नानांना विचारलं. म्हणाले, जुन्या घरांचं असंच असतं. इंजिनियर माणूस असं बोलेल?

३ जानेवारी १९५६, मंगळवार

आज मी स्वतःच जाईबाईकडे गेले. म्हटलं, खरं काय ते सांगा, मग हवं तर कागद मीच जाळते. ती वाकट मासळी साफ करत बसली होती. हात न थांबवता बोलत राहिली. तिने सांगितलं ते असं.

खारकोटावर शत्रू आला की सरनोबत मंडळी मागच्या पाण्याच्या दाराने होडीतून निसटायची. पण महादरवाजा आतून बंद हवा. तो बंद दिसला तरच शत्रूला वाटणार, आत फौज आहे. आणि अडसर आतूनच लागतो. म्हणून एक माणूस आत ठेवायचा. गावचं कुणी तयार व्हायचं नाही. मग नवखा माणूस आणायचा, त्याला कामाला लावायचं, गोडधोड खाऊ घालायचं, कोटाचा कोपरान् कोपरा दाखवायचा. वेळ आली की सांगायचं, अडसर धरून बस, होडी तुला न्यायला परत येईल. होडी कधी परत आली नाही. त्याच्या बदल्यात सरनोबतांच्या घराला मात्र कधी ओरखडा उठला नाही.

शेवटच्या वेळी आत एक पोर होती. तिच्या हाका कोळीवाड्याला ऐकू येत होत्या. लोकांनी दार फोडलं. अडसर जागच्या जागी, आत कुणी नाही. तेव्हा गावाने कोट दगडन् दगड उपटला, अर्धा खाडीत टाकला, अर्धा पायऱ्यांना, धुण्याला वाटून घेतला. आणि शपथ घेतली की तो कुठे होता ते कुणीच कुणाला सांगायचं नाही. पोरांनाही नाही. दर माणसाने वेगळी जागा सांगायची.

"कुटं होता ते कोनालाच ठावं नाय, तर उभा कुटं ऱ्हाईल? तो आमी इसरलो म्हनून गेला, बाय. तू त्याला आठवून आठवून परत आनतंस."

माझ्या आधी कुणी आलं होतं का, असं मी विचारलं. तिने मान हलवली. आरमाराच्या बंडाच्या साली, शेहेचाळीसला, परळला गोळ्या चालल्या होत्या तेव्हा, एक बुधाजी मास्तर. हाच इतिहास लिहायला आला होता. याच माडीवर राहत होता. गाव शांत झालं तेव्हा माडी रिकामी होती. नाना म्हणाले, मास्तर गावी गेला. त्याचं धोतर मात्र दोरीवर तसंच वाळत होतं.

पण ही गोष्ट मला इथून घालवायचा शेवटचा उपाय म्हणून रचलेली असेल तर? शहरात गडबड झाली की माणसं नाहीशी होतातच.

५ जानेवारी, गुरुवार

शिवाजी पार्कला गेले होते. चहा घेताना सहज विचारलं, बुधाजी मास्तर कोण होते? नाना लगेच म्हणाले, कोण मास्तर, आम्हाला ठाऊक नाही. त्याच क्षणी राधाबाईंच्या हातातली बशी फुटली. काचा गोळा करताना त्या माझ्याजवळ वाकल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "मास्तरांनाही साखरभातच केला होता हो मी."

नानांनी ऐकलं असावं. त्यांनी मला स्वतः मोटारीने घरी सोडलं. दार लावून घेईपर्यंत गल्लीत थांबले.

९ जानेवारी, सोमवार

लिहायचं बंद केलं आहे. एक अक्षरही नाही. नकाशाही अर्धा सोडला.

उपयोग होत नाही. लिहायचं थांबवता येतं. माहीत असणं कसं थांबवणार? पोळी लाटता लाटता मनात येतं, पश्चिमेच्या बुरुजाला आठ बाजू होत्या. दुपारी पाहावं तर घराची पश्चिमेची भिंत दमट, फुगलेली. खिडकी आता खिडकी राहिलेली नाही. आत निमुळत्या होत गेलेल्या फटीच्या टोकाला हातभर उजेड दिसतो. खाडी पाहायची तर पालथं पडून आत सरकावं लागतं. अशा फटीतून पूर्वी बंदुका रोखायचे.

दौलतशी आज नीट बोलले. मी पोलिसांची नाही हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं म्हणाला. पोलिसांची असतात तर बरं झालं असतं, म्हणाला. संक्रांत झाली की तो मला गाडीत बसवून देणार आहे. त्याआधी त्याला सुट्टी नाही, आणि एकटी जायचं तर— खोटं कशाला, या चार दिवसांत दोनदा निघाले होते. दोन्ही वेळा वळणावर पाय थांबले. बाहेर काहीतरी आहे, आपण आत असलेलं बरं, असं फार आतून वाटलं. ते वाटणं माझं नव्हतं.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

नाना आणि राधाबाई तिळगूळ घेऊन आले. मी काही बोलायच्या आत नानांनी टेबलावरचे सगळे कागद उचलून पिशवीत घातले. नकाशा अर्धा आहे म्हटलं, तर म्हणाले, "आता कागदाची गरज नाही. तुम्हाला पाठ झालाय ना?"

मग सांगितलं की दिल्लीहून मुंबईचा निकाल कधीही येईल, शहर पेटेल, म्हणून ते दोघं आजच पुण्याला निघाले. मी म्हटलं, मलाही न्या. मोटारीत जागा नाही म्हणाले. तुमच्यासाठी परत पाठवतो. तोवर माडी सोडू नका, दार आतून लावून बसा.

तेच शब्द. होडीच्या जागी मोटार.

राधाबाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मूठ मिटली. गोड बोला म्हणाल्या नाहीत. रडत होत्या.

१६ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला नाही. केंद्राच्या ताब्यात. गल्लीत थाळ्या, घोषणा, धावपळ. दौलत साच्यावरून तसाच मोर्चात गेला. जाताना नलूला म्हणाला, उद्या बाईंना नक्की पोचवतो.

लालबागकडून फटाक्यांसारखे आवाज येताहेत. फटाके नाहीत ते.

१७ जानेवारी, मंगळवार

दौलत परतला नाही. संचारबंदी लागली आहे, दिसताक्षणी गोळी. जाईबाई म्हणाली, या घरात थांबायचं नाही, तिघी गल्लीच्या तोंडाशी तुळसाकडे जाऊ, भिंतीला धरून. मी तयार होते. ट्रंक टाकून निघाले होते. तेवढ्यात तिने विचारलं, कच्चे कागद आहेत का वर? होते. म्हणाली, जाळून ये, झटकन. आम्ही वळणावर थांबतो.

वर गेले, प्रायमसवर धरून सगळे जाळले. जिना उतरले.

जिना लाकडी होता. उतरताना पायाखाली दगड लागले.

अंगण ओलांडून वळणावर आले. तिथे दार आहे. बंद. दोन पुरुष उंचीचं, खिळे ठोकलेलं. आणि आडवा, माझ्या कमरेएवढ्या जाडीचा, काळा— खैराचा.

मी नाही लावला तो. देवाशपथ मी नाही लावला.

कागद जळले. कोट नाही जळला.

१८, बुधवार

सकाळ असावी. वर आकाश आहे, चारी बाजूंनी तट. घर कुठे दिसत नाही. रोजनिशी पदराखाली होती म्हणून—

पलीकडून जाईबाईची हाक. संचारबंदीत परत आल्या आहेत दोघी. माझ्यासाठी. "बाय, आडसर भिंतीत सरकव गो! आमी हाव हितं!" नलू दार बडवते आहे. दौलत सापडला म्हणते, हाताला गोळी लागली, पण जिवंत.

अडसर हलत नाही. एकटीने हलणारा नाही.

मी एकटी नाही.

मागे, विहिरीच्या काठावर माझ्या आधीचे सगळे बसलेत. कधीपासून कोण जाणे. एक जण पुढे आला, धोतराशिवाय, अंगावर नुसता सदरा. फार अदबीने बोलतो. म्हणाला, उघडू नका, बाई. बाहेर शत्रू आहे. तो ओळखीच्या आवाजात बोलतो. मलाही आईच्या आवाजात हाका मारल्या होत्या. नानांची होडी येईतो धरून बसायचं.

मी म्हटलं, दहा वर्षं झाली, मास्तर.

तो हसला. येईल म्हणाला.

दुपार

कुणाचं खरं? बाहेर खरंच जाईबाई असती तर— तिने माझा कागद जाळला होता. नानांनी मोटारीतून आणलं. राधाबाई रडल्या. कागद जाळायला मला वर कुणी पाठवलं? तिनेच. ती म्हणाली नसती तर मी त्यांच्याबरोबर—

नाही. असा विचार मास्तर करतो. माझा नाही हा. ज्याने गोड खाऊ घातलं तो पुण्याला आहे. जिने कागद जाळला ती गोळ्यांत दाराशी उभी आहे. एवढं पुरे.

पलीकडे बंदुकीचे आवाज जवळ आलेत. गल्लीतच. जाईबाई हाका मारायची थांबत नाही. मी म्हटलं, जा, पळा. ती म्हणते, तुला घेतल्याबिगर नाय.

खांदा लावते आता.

नंतर

सरकला! अर्धा भिंतीत गेला. दार किलकिलं झालं. फटीतून उजेड— बांगड्या नसलेला हात आत आला, खवल्यांचा वास, खरा हात, गरम. मी धरला. तीच आहे. तीच होती सगळा वेळ.

मग मागून सगळे उठले. दाराला हात लावलेत सगळ्यांनी. वाईट नाहीत ते. त्यांना वाटतं मला वाचवताहेत— दार मिटतंय— उजवा हात तिच्या हातात, डाव्याने गिरवते आहे— ती ओढते आहे, सोडत नाही— फट बोटभर उरली— जाईबाई, हात काढा— मी सोडलाय, तुम्ही सोडा, हात काढा हो, ते अजून ढक